तलावाचा वास

१९ जानेवारी, रविवार

बाईसाहेब,

फोनवर तू म्हणालीस, "ओरडू नका. काय असेल ते लिहून पाठवा." म्हणून कागद घेतला. आता कागदावर कसं ओरडतात ते मला येत नाही, तेव्हा निश्चिंत वाच.

आणि मी ओरडतो म्हणजे काय गं? सगळं आयुष्य गेलं या तरणतलावाच्या हॉलमध्ये. इथे हळू बोललेलं पाण्यात बुडतं. या टोकाचं त्या टोकाला सांगायचं तर घसा ताणावाच लागतो. तुला लग्नाच्या आधी माहीत होतं.

मुद्द्याचं बोलतो. तुझ्या त्या छातीच्या डॉक्टरांचं मला पटलेलं नाही. म्हणे तलावाची हवा! पाण्याने माणसाला दमा होतो हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. आपले नेहमीचे डॉक्टर काय म्हणाले होते आठव. "जरा पळाली की खोकते ना, मग पोहायला घाला, दमटपणा छातीला बरा." तेव्हा तूच म्हणालीस की तलाववाला नवरा केल्याचं आज सार्थक झालं.

काळजी घेण्यात मी कुठे कमी पडलो ते सांग. आपल्या पोरीला, बेडकीला, गारठा बाधू नये म्हणून वरच्या सगळ्या खिडक्यांच्या साखळ्या ओढून बंद केल्या. बाहेर हवा टाकणाऱ्या पंख्यावर पुठ्ठा ठोकला. शाळेची पोरं दिवसभर डुंबून जातात, त्यांची घाण तिच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून तिच्या सरावाआधी क्लोरीनच्या पावडरीचा एक डबा जास्तीचा टाकत होतो. दार उघडलं की काय वास यायचा! डोळ्यांत पाणी यावं असा स्वच्छ. दुसऱ्या कुणाच्या पोरीला एवढं राजेशाही पाणी मिळालंय?

आणि त्या स्पर्धेचं म्हणशील, तर टाळ्या सगळेच वाजवत होते. पोहणं शिकवणाऱ्या मास्तरांचा नियम तुला माहीत आहे. पोहून काठावर आल्यावर जो खोकला नाही त्याने अंगचोरी केली. मी स्वतः त्यांच्या हाताखाली असाच खोकत शिकलो. बेडकी दुसरी आली, वर चढली, टॉवेल गुंडाळून बसली, आणि मग जरा वेळाने तिला खोकला लागला. मास्तर म्हणाले, "बघा, याला म्हणतात जीव ओतणं!" मीही टाळ्या वाजवल्या. बापाने नाही वाजवायच्या तर कुणी? तू जिन्यावरून "टाळ्या बंद करा" म्हणून किंचाळत आलीस तेव्हा कुठे तिच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे लक्ष गेलं. ते खोकणं आणि हे खोकणं वेगळं आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मास्तरांच्याही नाही, आणि त्यांनी एवढी पोरं तयार केली.

आता ती बरी आहे. मग अडलंय कुठे? "तलावाच्या डोक्यावरच्या खोल्यांत मी मुलीला घेऊन परत येणार नाही" असं तू तोंडावर सांगून गेलीस. अगं, घर कामाबरोबर मिळालंय. काम सोडलं तर घर सुटतं, आणि या कामाशिवाय मला दुसरं येतं काय?

ताईंना नमस्कार सांग. बहिणीला घरात ठेवून घेतलं, चांगलं केलं. पण कायमचं ठेवून घ्यायचा विचार असेल तर तोही कळवायला सांग.

तलाववाला

२ फेब्रुवारी

बाईसाहेब,

तुझं उत्तर नाही. काल बेडकीशी फोनवर बोललो. म्हणाली, "बाबा, आज मी बसमागे पळाले आणि बस पकडली." मी म्हटलं, खोकलीस? म्हणाली, थोडीशी. मी म्हटलं, तिकडे धूळ नाही? म्हणाली, आहे. मावशीचं मांजर? तेही आहे, माझ्याच पायाशी झोपतं. घ्या! म्हणजे धूळ चालते, मांजर चालतं, आणि बापाने घासूनपुसून ठेवलेला तलाव तेवढा चालत नाही.

मला राग आला. मग फोन ठेवल्यावर वाटलं, बस पकडली म्हणाली ती. आपल्याकडे तिला जिना चढून वर यायला मध्ये एकदा बसावं लागायचं. तिथे कठड्याचा रंग तिच्या हाताने गेलाय.

घरात कुणाशी बोलायचं हा प्रश्नच आहे. खालच्या मोटरचा आवाज येतो, तेवढीच सोबत. सकाळी एका अंड्यासाठी तवा काढायचा कंटाळा येतो, म्हणून पाव चहात बुडवून खातो. बेडकीची निळी टोपी खिळ्यावर आहे. मी ती काढलेली नाही आणि काढणारही नाही. तुझी उशी मात्र कपाटात ठेवली. ती समोर असली की झोप लागत नाही.

मास्तर रोज विचारतात, "बेडकी कधी येते? पुढच्या फेरीला नाव द्यायचंय." मी सांगितलंय, मावशीकडे गेली आहे, येईल. आता मला खोटं पाडू नकोस.

१० फेब्रुवारी

पाणी तापवायचा बॉयलर फुटला. मला काही झालेलं नाही, घाबरू नकोस. तलाव रिकामा करायला लागला. हॉल बंद, सगळ्या खिडक्या उघड्या, कारागीर येऊन ठोकाठोकी करताहेत. तलावाच्या तळाशी उतरून झाडू मारताना वर बघितलं तर आपल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. तिथे कुणी उभं नव्हतं.

१ मार्च

ऐक,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तलाव रिकामा होता त्या दिवसांत माझा सकाळचा खोकला गेला. तू ज्याला "घराण्याचा भोंगा" म्हणायचीस तो. आधी मला कळलंच नाही. दाढी करताना हात थांबला, काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं. मग लक्षात आलं की आपण आज खोकलोच नाही. मी म्हटलं, सुट्टी मिळाली म्हणून असेल.

मग बॉयलर दुरुस्त झाला, पाणी भरलं, खिडक्या लावल्या, पावडर टाकली, पोरं आली. दोनचार दिवस सगळं ठीक. नंतर माझ्या वाढदिवसाची सुट्टी घेऊन मी शहरात नुसता भटकलो. दिवसभर बाहेर होतो, कारण घरात बसून करायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलचं दार उघडलं आणि मी मागे सरलो. मी! घशात कुणीतरी ब्रश घातल्यासारखं झालं. त्याच दारातून मी रोज छाती फुगवून आत जायचो आणि म्हणायचो, काय स्वच्छ वास आहे.

तसाच छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. हो, तुझ्याच. त्यांनी मला ओळखलं. ओळखणारच, मागच्या वेळी त्यांच्या दवाखान्यात माझाच आवाज घुमत होता. मी म्हटलं, परत एकदा सांगा, या वेळी ऐकतो.

त्यांनी विचारलं, "नवा बूट चावला की काय होतं?" मी म्हटलं, फोड येतो. "आणि रोज तोच बूट घातला तर?" मी म्हटलं, चिघळतो. म्हणाले, तिच्या श्वासाच्या नळ्या आतून अशाच सुजलेल्या आहेत. बाहेरून पोरगी ठणठणीत दिसते, बसली असताना बरी असते. पळाली, पोहली की भराभर श्वास आत जातो आणि सुजलेली नळी आवळते. तेही पळताना कमी, थांबल्यावर जास्त. म्हणून ती टॉवेल गुंडाळून बसल्यावर खोकली. सुजेचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. दुसरा पंप पळण्याआधी. आणि चावणारा बूट आधी काढायचा.

मग त्यांनी वासाचं सांगितलं. अगं, तो वास स्वच्छपणाचा नाहीच. क्लोरीनमध्ये पोरांचा घाम आणि मूत मिसळलं की त्याचा वायू होतो, त्याचा तो वास. तो पाण्याच्या अगदी वर तरंगत राहतो, जिथे पोहणारा मान वळवून श्वास घेतो बरोब्बर तिथे. खिडक्या बंद असल्या तर जाणार कुठे? मी विचारलं, आणि पावडर जास्त टाकली तर? ते म्हणाले, "तुम्ही टाकत होता?"

मी हळूच "हो" म्हटलं. इतक्या हळू की त्यांनी परत विचारलं.

तिच्यासाठी टाकत होतो गं. दुसऱ्या कुणासाठी नाही, फक्त तिच्याच सरावाच्या आधी. माझ्याच हाताने तिला हे झालं असं तू जाताना म्हणाली नाहीस, पण तुला माहीत होतं. तू रागाच्या भरात पण ते बोलली नाहीस, हे मला डॉक्टरांकडून घरी येताना वाटेत कळलं. बसथांब्यावर बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. माझ्यासमोरून आपल्या बाजूच्या बसेस गेल्या. मला रडू आलं, लपवत नाही. शेजारच्या म्हातारीने विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, माहेरी.

१५ मार्च

अगं,

तुझी चार ओळींची चिठ्ठी आली. "खिडक्या उघडा, पोरांना आधी आंघोळ घालायला लावा. बाकीचं बघू." ते "बघू" मी उजेडात धरून पण बघितलं.

दोन्ही केलं. पंख्यावरचा पुठ्ठा काढला. रोज दारात उभा राहतो. साबण लावून आंघोळ केल्याशिवाय पाण्यात पाय नाही. पोरं मला आंघोळमामा म्हणायला लागली आहेत. एक पोरगी म्हणाली, मामा, मी सकाळी घरी केली. मी म्हटलं, मग आता माझ्यासाठी कर.

पण चालत नाही. मी साखळी ओढून खिडकी उघडायची आणि मास्तरांनी बंद करायची. आईबाप तक्रार करतात, पोरं कुडकुडतात. तलावाचे साहेब म्हणतात, तापवलेलं पाणी तुम्ही आभाळ तापवायला वापरता का? त्यांचंही खोटं नाही. इमारतच अशी बांधली आहे की ऊब ठेवायची तर हवा कोंडायची.

काल सरावानंतर एक चिमुरडी काठावर बसून खोकत होती आणि खोकता खोकता मास्तरांकडे बघत होती, शाबासकी मिळते का म्हणून. मिळाली. मी मध्ये पडलो. म्हटलं, मास्तर, ही शाबासकी बंद करा, तिला डॉक्टरकडे पाठवा. मास्तर म्हणाले, "पोरगी मावशीकडे गेली, तसं तुझं डोकंही गेलं का?" सगळ्यांसमोर. ज्यांनी मला पोहायला शिकवलं ते. त्या चिमुरडीच्या आईला मग बाहेर गाठून सगळं सांगितलं. तिने ऐकलं की वेडा म्हणून सोडून दिलं, देव जाणे.

पुढच्या रविवारी येतो. नको म्हणू नकोस. दुपारच्या बसने परत जाईन, जेवणही बरोबर आणीन.

२५ मार्च

अगं,

ताईंकडून परत आलो तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणतोय. तू तिथेच होतीस, सगळं पाहिलंस, तरी सांगतो. तू दारात उभी होतीस, माझं तोंड तुला दिसलं नसेल.

मी फाटक उघडलं आणि ती पळत आली. किती वाढली आहे! कमरेला मिठी मारली, तोंड माझ्या शर्टात खुपसलं. आणि मग सोडलं. खोकली नाही. नुसती मागे सरली, जसा मी त्या दिवशी दारातून सरलो होतो तशी. म्हणाली, "बाबा, तुम्हाला तलावाचा वास येतो." रागाने नाही. पाऊस येतोय म्हणावं तसं म्हणाली. मग बाकावर माझ्या शेजारी बसली, पण त्या टोकाला. मध्ये मांजर.

मी नवा साबण लावून आलो होतो. शर्टही धुतलेला होता.

मग तिने मला पळून दाखवलं. आधी पंप घेतला, अगदी एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखा शहाणपणाने. मग नुसती चालली. मग दुडक्या चालीने गेली. मी म्हटलं, अगं पळ की! म्हणाली, "थांबा हो, आधी छातीला सांगावं लागतं." आणि मग पळाली. ताईंच्या घराला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपर्यंत, परत. वेणी सुटली तरी थांबली नाही. पोहताना मी तिचं डोकं बघायचो, पाण्यात कधी वर कधी खाली. पळताना अख्खी दिसते.

थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. मी वाट बघत होतो. हात असे पुढे धरलेले, सवयीने. खोकला आलाच नाही. टाळ्या कधी वाजवायच्या तेच मला कळेना. तिने वर बघून विचारलं, "बाबा, कसं वाटलं?" आणि मी म्हटलं, "छान." एवढंच. इतका ओरडणारा माणूस मी, आणि "छान" म्हणून बसलो.

म्हणाली, आता तिला पोहायचं नाही, पळायचंय. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. पण बसमध्ये बसलो तेव्हा ते वाईट वाटणं उरलं नव्हतं. दुसरंच उरलं होतं. ती बाकाच्या त्या टोकाला का बसली, ते.

जेवणाचा डबा तसाच परत आणला. तू वाढलंस, त्याबद्दल काही लिहीत नाही.

२८ एप्रिल

अगं,

बस. सोडलं. किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. पोरांनी मात्र दारात रांग लावून ओरडून सांगितलं, "मामा, आंघोळ केली!" मास्तर आले नाहीत.

काम मिळालं. हसशील. आधी पाणीपुरवठ्यात विचारलं, तर तिथेही क्लोरीन, म्हटलं नको रे बाबा. मग बसस्थानकावर गेलो. गाड्यांची घोषणा करायला माणूस हवा होता. तिथले साहेब म्हणाले, बोलून दाखवा. बोललो. बाहेर चहाच्या टपरीवरचा माणूस आत आला, काय झालं विचारायला. साहेब म्हणाले, "अहो, समोर माईक आहे." तेव्हा आता मी पैसे घेऊन ओरडतो, तेही हळू आवाजात. तुझ्याकडे येणारी बस दुपारी सुटते. तिचं नाव मी जरा सावकाश घेतो. बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हर चिडवतात.

खोली एका शिंपीणबाईंच्या दुकानामागे आहे. लहान आहे, पण तळमजल्यावर, समोरासमोर दोन खिडक्या. जिना नाही. मागे मोकळं मैदान आहे, त्याच्याबद्दल मी काहीच म्हणत नाही, फक्त आहे एवढंच सांगतो.

इथे फार शांत आहे. मोटरचा आवाज नाही म्हणून पहिल्या दिवशी झोपच लागेना. शिंपीणबाईंचं मशीन बंद झालं की मग काहीच नाही. तुझी उशी कपाटातून काढली आहे.

१२ जून

अगं,

या पत्राबरोबर पुडक्यात शर्ट आहे. निळ्या रेघांचा, मी ताईंकडे घालून आलो होतो तोच.

झालं असं की मला माझा वास येत नाही. कधीच येत नव्हता, त्यानेच तर सगळा घोटाळा केला. म्हणून शिंपीणबाईंच्या नाकाखाली रोज शर्ट धरतो. पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, "काय हो, दवाखान्यात कामाला होता का?" मग म्हणाल्या, थोडा येतो. मग म्हणाल्या, कॉलरीला येतो. मी धुवायचो, मैदानावर वाळत घालायचो, परत न्यायचो. परवा वैतागून म्हणाल्या, "आता येत नाही हो! आणि परत आणलात तर कात्री लावीन." पण त्या दिवसभर नव्या कापडात बसतात. त्यांच्या नाकाचा काय भरवसा?

तेव्हा बेडकीला शर्ट दे आणि नाक लावून बघायला सांग. आधी तिला तिचा पंप हाताशी ठेवू दे. वास आला तर शर्ट परत पाठव, मी अजून धुतो, अजून थांबतो. माझी तक्रार नाही. मी इथेच आहे, दुपारच्या बसचं नाव घेत. नाही आला, तर ठेवून घे. मी येऊन अंगात घालीन, आणि मग तुम्ही दोघी ठरवा, माझ्याबरोबर यायचं की नाही ते.

एकच काळजी आहे. पोरगी मायाळू आहे. बापाला बरं वाटावं म्हणून वास येत असला तरी नाही म्हणेल. तेव्हा तिच्यानंतर तू पण एकदा वास घे. माझं मन राखायला तू कधी खोटं बोलली नाहीस.